रंग स्वस्त झाल्यावरचे कृष्णधवल चित्रपट

आधुनिक कृष्णधवल चित्रपट कोणते म्हणायचे, ते आधी ठरवून घेतलेलं बरं. ‘पथेर पांचाली’ (१९५५) किंवा ‘कागज के फूल’ (१९५९) आजही ताजे वाटतात, पण ते या लेखात बसत नाहीत. सत्यजित राय किंवा गुरुदत्त यांना तेव्हा रंग सहज परवडण्यासारखा नव्हता. आपला विषय त्यानंतरचा आहे. रंगीत फिल्म सगळीकडे मिळू लागली, प्रेक्षकाच्या डोळ्यांना तिची सवय झाली, वितरक तिच्याशिवाय बोलेनासे झाले, आणि तरीही काही दिग्दर्शक रंगाला नको म्हणाले. का म्हणाले, त्यातून काय साधलं, आणि त्यावर आक्षेप कोणते घेतले जातात?

अशा चित्रपटांची संख्या कधीच मोठी नव्हती. पण गेल्या पंधरा वर्षांत ती डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे, आणि तिच्याबरोबर वादही.

पडदा रंगीत कसा झाला

रंग सिनेमात एका रात्रीत आला नाही. हॉलिवूडमध्ये १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’नंतरही जवळजवळ पंचवीस वर्षं दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. संगीतिका, साहसपट, ऐतिहासिक भव्यपट रंगीत. गंभीर नाट्य, गुन्हेगारी आणि सामाजिक प्रश्न कृष्णधवल, अशी साधारण वाटणी होती. छायाचित्रणाची ऑस्करही त्या काळात बहुतेक वर्षी दोन वेगवेगळी दिली जात. १९६७ पासून ती कायमची एक झाली.

कृष्णधवलची ही पीछेहाट घडवली ती टेलिव्हिजनने. १९६६ पर्यंत अमेरिकी वाहिन्यांचे मुख्य वेळेतले जवळजवळ सगळे कार्यक्रम रंगीत झाले होते. चित्रपट पुढे टीव्हीला विकला जाणार हे गृहीतच असल्याने निर्मात्याने कृष्णधवल चित्रपट काढणं म्हणजे विक्रीचा एक दरवाजा आपल्या हाताने लावून घेणं होतं. सौंदर्यशास्त्राचा या निर्णयाशी फारसा संबंध नव्हता.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ जर्मनीत रंगीत छापून आणला, पण प्रयोग फसला. त्यानंतर ‘किसान कन्या’ (१९३७) आला. तरी रंगाचं युग सुरू व्हायला ‘जंगली’ (१९६१) आणि ‘संगम’ (१९६४) यावे लागले. मधल्या काळात एक गमतीचा तोडगा निघाला होता: चित्रपट कृष्णधवल, पण एखादं गाणं रंगीत. ‘मुगल-ए-आझम’मधला शीशमहाल आणि ‘चौदहवीं का चाँद’चं शीर्षकगीत ही त्याची सगळ्यांना आठवणारी उदाहरणं. रंग हा तेव्हा मेजवानीचा पदार्थ होता.

राय यांनी ‘कांचनजंघा’ (१९६२) रंगीत केला, पण लगेच ते ‘महानगर’ आणि ‘चारुलता’कडे, म्हणजे कृष्णधवलकडे परतले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘जन अरण्य’ही त्यांनी कृष्णधवलच केला. रंगीत फिल्म परदेशातून यायची, परकीय चलनाची चणचण होती, आणि छोट्या निर्मात्याला तो खर्च झेपत नसे. मराठीतही तसंच झालं. डॉ. जब्बार पटेल यांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ आपल्या आठवणीत कृष्णधवल आहेत. ‘सिंहासन’ १९७९ चा; तोवर हिंदी पडद्यावरून कृष्णधवल जवळपास हद्दपार झालं होतं. मंत्रालयाचे जिने, दालनं आणि मुंबईचे रस्ते त्या राखाडी छटांत इतके चपखल बसतात की आज तो चित्रपट रंगीत कल्पनेतही येत नाही. पण त्या निवडीत काटकसर किती आणि दृष्टी किती, हे वेगळं काढून दाखवणं कठीण आहे, आणि बहुधा तसा प्रयत्न करूही नये.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रेक्षकाबद्दल ध्यानात घ्यायला हवी. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं. त्याआधी शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिलेला चित्रपट, अगदी ‘पिंजरा’सारखा मुळात रंगीत असलेलाही, दिसायचा कृष्णधवलच. आज साठीच्या आसपास असलेल्या मराठी प्रेक्षकाच्या आठवणीत कोणता चित्रपट खरंच कृष्णधवल होता आणि कोणता टीव्हीने केला, याचा घोळ असणं स्वाभाविक आहे.

नकाराची पहिली फळी

रंग रूढ झाल्यावर त्याला ठरवून नकार देणारा पहिला मोठा अमेरिकी चित्रपट म्हणून सहसा पीटर बॉग्डानोविच यांच्या ‘द लास्ट पिक्चर शो’चं (१९७१) नाव घेतात. तो कृष्णधवल करण्याचा सल्ला ऑर्सन वेल्स यांचा. नटाच्या कामाला कृष्णधवलइतकी साथ दुसरं काही देत नाही, असं वेल्स यांचं मत होतं. रंग गेला की पाहणाऱ्याचं लक्ष कपड्यांवरून, भिंतींवरून सुटतं आणि चेहऱ्यावर येतं. हा मुद्दा पुढच्या पन्नास वर्षांत इतक्या जणांनी इतक्या वेळा मांडला की तो आता आपोआप खरा धरला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो. चेहरा जवळून दाखवला तर तो खरा; दूरच्या, गर्दीच्या चित्रचौकटीत कृष्णधवल माणसाला भिंतीत मिसळूनही टाकतं.

१९८० च्या ‘रेजिंग बुल’मागे कारणं अनेक होती. मुष्टियुद्धाच्या चाचणी चित्रीकरणात हातमोज्यांचा लाल रंग ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांना खटकला. त्यात मार्टिन स्कॉर्सेसी त्याच सुमारास रंगीत फिल्मवरचे रंग विटतात याविरुद्ध मोहीम चालवत होते. त्या काळच्या रंगीत फिल्मवरची रंगद्रव्यं काही वर्षांतच उडायची आणि चित्र गुलाबीसर व्हायचं. कृष्णधवल फिल्मवरची चांदीची प्रतिमा त्या मानाने कितीतरी टिकाऊ. ‘रेजिंग बुल’मध्ये फक्त नायकाच्या घरगुती चित्रफितींचे तुकडे रंगीत आहेत, आणि तेही विटलेले. सुखाचे तेवढेच क्षण, आणि टिकाऊ नसलेल्या रंगात. दिग्दर्शकाची तक्रार आणि चित्रपटाचा आशय इतके एकजीव झालेले क्वचित दिसतात.

डेव्हिड लिंच यांचा ‘द एलिफंट मॅन’ त्याच वर्षीचा. व्हिक्टोरियन लंडनची काजळी आणि वाफ फ्रेडी फ्रान्सिस यांच्या कॅमेऱ्याने अशी टिपली की यंत्रयुगाचा वास यावा. जिम जारमुश यांनी ‘स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज’ (१९८४) सुरू केला तो विम वेंडर्स यांच्या चित्रपटातून उरलेल्या कृष्णधवल फिल्मवर. स्वतः वेंडर्स यांनी ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये (१९८७) बर्लिनवर लक्ष ठेवणाऱ्या देवदूतांची नजर कृष्णधवल ठेवली आणि माणसांची रंगीत. छायाचित्रकार आँरी आलेकाँ यांनी त्यासाठी भिंगावर लावलेली जाळी म्हणजे त्यांच्या आजीचा जुना रेशमी पायमोजा. देवदूत माणूस होतो तेव्हा त्याला आधी आपलं रक्त लाल दिसतं. ही कल्पना कागदावर भाबडी वाटेल. पडद्यावर वाटत नाही.

मग १९९३ चा ‘शिंडलर्स लिस्ट’. त्यानंतर चर्चेचं मापच बदललं. तीन तासांहून मोठा, गंभीर, कृष्णधवल चित्रपट जगभर चालतो हे स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दाखवलं आणि यानुश कामिन्स्की यांना छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. त्यातला लहान मुलीचा लाल कोट मात्र अजूनही वादाचा आहे. एका बाजूला तो जगाने न पाहिलेल्या गोष्टीकडे बोट दाखवणारा रंग. दुसऱ्या बाजूला, प्रेक्षकाला कुठे रडायचं ते सांगणारी खूण. दोन्ही वाचनांना चित्रपटात आधार आहे.

बाजार काय म्हणतो

निर्माते कृष्णधवलला घाबरतात, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. टीव्ही आणि घरगुती व्हिडिओच्या करारांत ‘रंगीत’ ही अट अनेक वर्षं असे. मेल ब्रूक्स यांना ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’साठी (१९७४) आणि टिम बर्टन यांना ‘एड वुड’साठी (१९९४) याच कारणाने स्टुडिओ बदलावा लागला. अलेक्झांडर पेन यांच्या ‘नेब्रास्का’साठी (२०१३) पॅरामाउंटने रंगीत आवृत्तीही मागून घेतली. ती पुढे एका वाहिनीवर दाखवलीही गेली. पेन यांनी मात्र ती कोणी पाहू नये अशीच इच्छा व्यक्त केली होती.

गंमत पुढे आहे. ज्या छोट्या पडद्याने कृष्णधवल संपवलं, त्याच छोट्या पडद्याचा पैसा आता त्याला जगवतो आहे. ‘रोमा’ (२०१८), ‘मँक’ (२०२०), चिलीच्या पाब्लो लराइन यांचा ‘एल कोंदे’ (२०२३) आणि ‘रिप्ली’ (२०२४) ही आख्खी मालिका नेटफ्लिक्सवर आली. रिबेका हॉल यांचा ‘पासिंग’ (२०२१) तयार झाल्यावर नेटफ्लिक्सनेच विकत घेतला. जोएल कोएन यांचा ‘द ट्रॅजेडी ऑफ मॅकबेथ’ (२०२१) ॲपलचा. ओटीटी कंपन्यांना प्रत्येक चित्रपटाचं तिकीट विकायचं नसतं. यादीत वजनदार नावं आणि पुरस्कारांच्या मोसमात चर्चा हवी असते. या हिशेबात कृष्णधवल बसतं. त्यातून दोन मतं निघतात. एक म्हणजे, या कंपन्यांमुळे दिग्दर्शकांना हरवलेली मोकळीक परत मिळाली. दुसरं, कृष्णधवल आता ‘पुरस्कारासाठीचा चित्रपट’ अशी पाटी होऊन बसलं. मला वाटतं दोन्ही मतं एकाच वेळी खरी असू शकतात, कारण चित्रपट कोणत्या हेतूने मंजूर झाला आणि तो कसा झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रंग नेमका कुठे जातो

तंत्राचा मुद्दा लेखांत बहुधा दोन ओळींत उरकतात. पण कृष्णधवल कसं दिसतं याचं अर्धं उत्तर तिथेच आहे, म्हणून थोडं थांबू.

आज तीन वाटा आहेत. पहिली, खऱ्या कृष्णधवल निगेटिव्हवर चित्रित करणं. त्यासाठी मुख्यतः कोडॅकची डबल-एक्स ही १९५९ पासूनची फिल्म वापरतात. दुसरी, रंगीत फिल्मवर किंवा रंगीत डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित करून नंतर रंग काढणं. ‘द मॅन हू वॉझंट देअर’ (२००१), ‘गुड नाइट, अँड गुड लक’ (२००५), मिखाएल हानेके यांचा ‘द व्हाइट रिबन’ (२००९), ‘द आर्टिस्ट’ (२०११) आणि ‘रोमा’ सगळे या वाटेचे. तिसरी सगळ्यांत नवी: ज्याच्या सेन्सरवर रंग ओळखणारी जाळीच नाही असा डिजिटल कॅमेरा. जाळी नसल्याने प्रकाश जास्त पोचतो आणि रेषा धारदार येते. ‘मँक’ आणि ‘एल कोंदे’ असे झाले.

फरक कळायला एक साधं उदाहरण घेऊ. लाल साडी नेसलेली बाई हिरव्या भिंतीपुढे उभी आहे. रंगीत चित्रात ती उठून दिसते. कृष्णधवलमध्ये दोन्ही रंगांची उजळता सारखी असेल तर साडी आणि भिंत एकाच राखाडीत विरतात आणि बाई दिसेनाशी होते. म्हणून वेशभूषाकार, नेपथ्यकार आणि छायाचित्रकार यांना आधी एकत्र बसून कोणता रंग कोणता करडा होईल ते तपासावं लागतं. ‘गुड नाइट, अँड गुड लक’मध्ये रॉबर्ट एल्सविट यांनी रंगीत फिल्म वापरली, पण नेपथ्यच करड्या छटांत रंगवलं होतं. संगणकावर मात्र हा निर्णय नंतरही घेता येतो: लाल उजळ करायचा, हिरवा गडद करायचा, आणि साडी पुन्हा भिंतीपासून सुटी. सोय मोठी आहे. शिस्त सैल होण्याची शक्यताही तितकीच.

या बाबतीत टोकाला गेले ते रॉबर्ट एगर्स आणि त्यांचे छायाचित्रकार जॅरिन ब्लाश्के, ‘द लाइटहाउस’मध्ये (२०१९). नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर त्यांनी सत्तर फूट उंच दीपगृह उभं केलं, डबल-एक्स फिल्म घेतली, १९३० च्या दशकातली भिंगं लावली, आणि त्यांच्यापुढे लाल रंग अडवणारी खास बनवून घेतलेली काच. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळातली फिल्म लाल रंगाला आंधळी होती; निळं आकाश तिच्यावर पांढरंफटक येई आणि ओठ, डाग, सुरकुत्या काळपट. दादासाहेब फाळक्यांच्या हाती होती तीही याच जातीची. ही नजर परत आणल्यावर विलेम डफो आणि रॉबर्ट पॅटिन्सन यांच्या त्वचेवरचं प्रत्येक रंध्र, उन्हावाऱ्याने रापलेला प्रत्येक चट्टा पुढे येतो. काचेने इतका प्रकाश खाल्ला की रात्रीच्या दृश्यांतही सेटवर झगझगीत दिवे लावावे लागले. पडद्यावर मात्र रॉकेलच्या एका कंदिलाइतकाच उजेड दिसतो. चौकट जवळजवळ चौरस आहे, १.१९ ला १. दोन पुरुष त्या चौकोनात कोंडलेले, आणि प्रेक्षकही. या चित्रपटाची गोष्ट मला शेवटी शेवटी फार ताणलेली वाटते, पण कृष्णधवल हे नंतर लावलेलं वेष्टन नसून चित्रपटाचं हाड कसं असू शकतं, ते याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

याच्या उलट टोकाला ‘फ्रान्सिस हा’ (२०१२). नोआ बॉमबाक यांनी तो स्थिरचित्रांच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर केला. न्यू यॉर्कमधली भाड्याची घरं, बेताचे पैसे, नृत्यात जम न बसणारी सत्तावीस वर्षांची तरुणी. कृष्णधवलमुळे तिच्या फजितीला एक हलकी ऐट येते. इथे कोणी रंध्रं मोजत नाही, आणि तरी निवड चोख आहे.

कशासाठी: चार उत्तरं

दिग्दर्शकांची स्पष्टीकरणं आणि समीक्षकांची मतं एकत्र ठेवली तर साधारण चार बाजू दिसतात. त्या एकमेकींत मिसळतात, पण चर्चेच्या सोयीसाठी सुट्या करू.

पहिली बाजू स्मृतीची. हानेके यांचं म्हणणं असं की पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा काळ आपण छायाचित्रांतूनच ओळखतो, आणि ती छायाचित्रं कृष्णधवल आहेत. पावेल पावलिकोव्स्की यांनी ‘इडा’मध्ये (२०१३) १९६२ चा पोलंड उभा केला तो बालपणीच्या आणि घरच्या छायाचित्रांच्या आठवणींवर. पण ‘इडा’ स्मृतीवरच थांबत नाही. त्यातली चौकट पाहा: दीक्षा घ्यायच्या बेतात असलेली मुलगी पडद्याच्या अगदी तळाशी, एका कोपऱ्यात, तिच्या डोक्यावर दोन तृतीयांश चौकट रिकामी, कधी भिंत, कधी आकाश. कॅमेरा हलत नाही. त्या रिकाम्या जागेत देव आहे की युद्धात मारल्या गेलेल्या ज्यू आईबापांची अनुपस्थिती, हे चित्रपट सांगत नाही. शेवटी, इडा रस्त्यावरून चालू लागते तेव्हा, कॅमेरा पहिल्यांदा हातात येतो आणि तिच्याबरोबर चालतो. हीच चौकट रंगीत असती तर भिंतीचा रंग काहीतरी बोलून गेला असता. माझ्या आवडीच्या यादीत ‘इडा’ सगळ्यांत वर आहे, तो यासाठी.

दुसरी बाजू अंतराची. कोलंबियाच्या सिरो गेर्रा यांनी ‘एम्ब्रेस ऑफ द सर्पंट’ (२०१५) ॲमेझॉनच्या जंगलात पस्तीस मिलिमीटर कृष्णधवल फिल्मवर केला. जंगल म्हटलं की डोळ्यांपुढे येणारा हिरवा रंगच काढून घेतला, आणि पर्यटनाच्या जाहिरातीतलं जंगल नाहीसं झालं. नदी, झाड, प्राणी आणि माणूस एकाच पदार्थाचे वाटू लागतात. तिथे गेलेल्या युरोपी आणि अमेरिकी संशोधकांच्या दैनंदिन्या आणि छायाचित्रं हा त्याचा आधार. दृष्टी मात्र कारामाकाते या आदिवासी वैद्याची आहे.

तिसरी बाजू तुलनेने नवी: कातडीच्या रंगाची. ‘पासिंग’ १९२० च्या दशकातल्या हार्लेममध्ये घडतो. त्यातली एक कृष्णवर्णीय स्त्री गोरी म्हणून वावरते. कृष्णधवल चित्रात सगळेच चेहरे करड्याच्या कमीजास्त छटा असतात. कोण गोरं आणि कोण काळं हे ठरवणं प्रेक्षकालाच जड जातं, आणि त्या समाजाची सगळी उतरंड किती पोकळ पायावर उभी आहे ते न बोलता कळतं. जातीचा आणि कातडीचा प्रश्न आपल्याकडे इतका जवळून गुंतलेला असताना ही शक्यता कोणी तपासली आहे का, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

चौथी बाजू वर्तमानाची. कृष्णधवल म्हणजे भूतकाळ, हे समीकरण मोडणारे चित्रपटही बरेच आहेत. माथ्यू कासोव्हित्झ यांचा ‘ला एन’ (१९९५) पॅरिसच्या उपनगरातल्या बेकार तरुणांचा, त्याच वर्षीचा, धगधगता. ‘नेब्रास्का’, ‘फ्रान्सिस हा’, ‘कमॉन कमॉन’ (२०२१) वर्तमानातलेच. कोरियाचे हाँग सांग-सू तर अधूनमधून सहज कृष्णधवल चित्रपट करतात: चार माणसं, एक टेबल, दारूच्या बाटल्या. त्यांच्याकडे तो ना सोहळा असतो ना घोषणा.

आक्षेप

सगळ्यांत गंभीर आक्षेप ‘रोमा’च्या निमित्ताने घेतला गेला. आल्फोन्सो क्वारोन यांनी १९७० च्या सुमाराचं मेक्सिको शहर आणि आपल्या घरातल्या मोलकरणीचं आयुष्य मोठ्या आकाराच्या डिजिटल सेन्सरवर स्वतः चित्रित केलं. जुन्या फिल्मची खरखर त्यांना नकोच होती. आठवणीकडे आजच्या नजरेने पाहणारं, लख्ख, प्रत्येक कोपरा स्पष्ट दाखवणारं चित्र हवं होतं. सुरुवात फरशीवर होते. साबणाचं पाणी लाटेसारखं येतं, त्यात आकाशाचा तुकडा उमटतो आणि त्या तुकड्यातून एक विमान जातं. काहींचं म्हणणं, हे इतकं सुंदर आहे की क्लिओच्या, म्हणजे त्या मोलकरणीच्या, कष्टांचा काच जाणवत नाही, आणि ती स्वतः फार कमी बोलते. उलट बाजू अशी की फरशी पुसणाऱ्या बाईच्या कामाला एरवी इतिहासपटांना मिळतो तेवढा पडदा आणि वेळ पहिल्यांदा मिळाला. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो, पण पहिला आक्षेप खोडून निघत नाही.

दुसरा आक्षेप नकलेचा. डेव्हिड फिंचर यांच्या ‘मँक’मध्ये जुन्या चित्रपटांत रीळ बदलण्याची खूण म्हणून येणारे ठिपके संगणकाने घातले आहेत, आवाज जुन्यासारखा केला आहे, पडदा मात्र रुंद आणि प्रतिमा डिजिटल स्वच्छ. जुन्याचा भास आणि नव्याची सोय यांचा मेळ तिथे नीट बसलेला नाही, असं मला वाटतं. छायाचित्रणाचं ऑस्कर मात्र त्यालाच मिळालं.

नंतर काढलेला रंग, नंतर भरलेला रंग

ऐंशीच्या दशकात टेड टर्नर यांनी जुने कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवायला घेतले तेव्हा अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’ची रंगवलेली प्रत फ्रान्समध्ये दाखवण्याविरुद्ध त्यांच्या वारसांनी दावा लावला, आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्याकडे ‘मुगल-ए-आझम’ २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा त्याचं स्वागतच झालं; ‘नया दौर’ आणि ‘हम दोनों’ त्याच वाटेने गेले. ‘मुगल-ए-आझम’ मूळ निर्मात्यालाच पूर्ण रंगीत हवा होता, हा बचाव त्याच्यापुरता ग्राह्य आहे. ‘हम दोनों’बद्दल तसं म्हणता येत नाही.

आता उलटा प्रवास सुरू आहे. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, ‘लोगन’ आणि बाँग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ यांच्या कृष्णधवल आवृत्त्या दिग्दर्शकांच्या संमतीने निघाल्या. ‘पॅरासाइट’ची आवृत्ती पाहताना श्रीमंत घर आणि तळघर यांतलं अंतर कमी झाल्यासारखं वाटतं, कारण मूळ चित्रपटात ते प्रकाशाइतकंच रंगानेही राखलं होतं. ‘फ्युरी रोड’चं उलट: त्याची हालचाल इतकी रेखीव आहे की रंग गेल्यावर ती आणखी नीट वाचता येते. म्हणजे नंतर रंग काढणं सरसकट बरं किंवा वाईट ठरवता येत नाही. मूळ चित्रपट कशावर उभा आहे ते पाहावं लागतं.

आपल्याकडे

भारतात गेल्या काही वर्षांत हा प्रवाह बारीक, पण जिवंत आहे. बंगालीत कौशिक मुखर्जी यांचा ‘गांडू’ (२०१०) आला. अनिक दत्त यांचा ‘अपराजितो’ (२०२२) ‘पथेर पांचाली’च्या निर्मितीची कथा कृष्णधवलमध्ये सांगतो. मल्याळममधला ‘भ्रमयुगम’ (२०२४) या चर्चेत वेगळा काढून पाहायला हवा. राहुल सदाशिवन यांचा हा भयपट सतराव्या शतकातल्या मलबारात, एका पडक्या वाड्यात घडतो. पात्रं मोजकी, प्रमुख भूमिकेत मामुट्टी. हा महोत्सवांपुरता राहिला नाही, थिएटरांत चालला. ओला काळोख, दिव्याची ज्योत आणि मामुट्टींचे पिवळट म्हणायला हवेत असे, पण पिवळे न दिसणारे दात: भीतीला रंग लागत नाही हे प्रेक्षकाने मान्य केलं. लोकप्रिय नट आणि लोकप्रिय प्रकार यांची जोड मिळाली तर बाजाराची जुनी भीती किती टिकते, याची ही चांगली चाचणी होती.

महाराष्ट्राशी थेट जोडलेला चित्रपट म्हणजे पायल कपाडिया यांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ (२०२१). पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या ‘एल’ नावाच्या विद्यार्थिनीची प्रियकराला लिहिलेली पत्रं, जातीमुळे तुटलेलं त्यांचं नातं, २०१५ चा विद्यार्थ्यांचा संप आणि देशभरातली आंदोलनं. बहुतांश चित्रण भरड, दाणेदार कृष्णधवल. वसतिगृहाच्या गच्चीवरचा नाच आणि पोलिसांची लाठी सारख्याच दाण्यांतून दिसतात. कोणती दृश्यं मित्रांनी चित्रित केली, कोणती जुन्या फितींतली, कोणती मुद्दाम रचलेली, हे ओळखू येत नाही, आणि तोच हेतू आहे. कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. एकेकाळी ‘सैरंध्री’त रंग आणण्याची धडपड करणाऱ्या प्रभातच्याच जुन्या आवारातून हा रंग नाकारणारा चित्रपट आला.

दुसरा दुवा चैतन्य ताम्हाणे यांचा. ‘रोमा’ घडत असताना ते क्वारोन यांच्याकडे एका मार्गदर्शन उपक्रमातून शिकत होते, आणि ‘द डिसायपल’चे (२०२०) कार्यकारी निर्माते क्वारोनच. ‘द डिसायपल’ मात्र रंगीत आहे, आणि रात्रीच्या मुंबईतला दिव्यांचा पिवळा उजेड त्यात हवाच होता. जवळून पाहिलेली गोष्ट उचलायचीच असं नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न टिकण्याचा. रंगीत चित्रपट दीर्घकाळ जपायचा तर त्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग करून प्रत्येक भाग वेगळ्या कृष्णधवल फिल्मवर उतरवण्याची पद्धत आहे, कारण चांदी टिकते. म्हणजे रंगही शेवटी कृष्णधवलच्या भरवशावर राहतो. पण संगणकात जन्मलेल्या कृष्णधवल चित्रपटाला हा फायदा आपोआप मिळत नाही. तो मुद्दाम फिल्मवर काढावा लागतो.

दुसरा साहित्याचा. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘ओपनहायमर’साठी (२०२३) कोडॅकने पासष्ट मिलिमीटरमध्ये कृष्णधवल फिल्म पहिल्यांदाच तयार केली. एवढं वजन असलेला दिग्दर्शक मागतो तेव्हा कारखाना हलतो. भारतात फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा गेल्या दशकात एकामागून एक बंद झाल्या. एकेकाळी गरिबाचा पर्याय असलेली कृष्णधवल निगेटिव्ह आता चैनीची वस्तू आहे. म्हणजे आपल्याकडचा नवा दिग्दर्शक दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेनेच जाणार, आणि खरं कृष्णधवल कोणतं हा वाद त्याच्यापुरता निकालातच निघालेला आहे.

तिसरा प्रश्न प्रेक्षकाचा. ज्यांनी कृष्णधवल टीव्ही पाहिलाच नाही, ज्यांच्या घरच्या अल्बममध्येही एखाददुसराच फोटो तसा असेल, त्यांना या छटांत भूतकाळ दिसतो का? हानेके आणि पावलिकोव्स्की यांचा युक्तिवाद त्या सामायिक आठवणीवर उभा आहे. ‘भ्रमयुगम’ला गर्दी केलेल्या विशीतल्या प्रेक्षकाने तो जुना म्हणून पाहिला, की वेगळा म्हणून, की फक्त भीती वाटावी म्हणून, यावर अजून कोणी नीट विचारपूस केलेली माझ्या वाचनात नाही.